अण्णांचा लेथ आणि रायफलची नळी

खंडेनवमीला आमच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्ये दरवर्षी ठरलेला कार्यक्रम असतो. आदल्या संध्याकाळी मशिनी बंद करायच्या, कीस झाडून काढायचा, सगळे पुसून लख्ख करायचे आणि सकाळी झेंडूचे हार घालून पूजा करायची. दोन सीएनसी, एक ड्रिलिंग मशिन, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात अण्णांचा जुना लेथ. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. पहिला हार त्या लेथला, बाकीचे नंतर. यात कधी बदल होत नाही.

गेल्या वर्षी पूजेत एक नवा पाहुणा आला. माझी पुतणी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तीन वर्षांपासून एअर रायफलची नेमबाजी शिकते. तिने आपल्या रायफलची पेटी आणली आणि लेथशेजारी चौरंगावर ठेवली. "खंडेनवमीला शस्त्रं पुजतात ना अण्णा? मग माझंही ठेवा." अण्णांनी हसून तिच्या पेटीला हळदकुंकू लावले.

प्रसाद वाटून झाल्यावर तिने खरा विषय काढला. ती आता दहा मीटरच्या एअर रायफलवरून पन्नास मीटरच्या पॉइंट टू टू रायफलकडे वळत होती. क्लबची एक जुनी रायफल तिच्या वाट्याला आली होती आणि तिच्या गोळ्या विखुरत होत्या. तिने फोनवर एक फोटो दाखवला. नळीचे तोंड जवळून काढलेले. भोकाच्या कडेला एका बाजूला बारीकशी झीज दिसत होती. कुणीतरी वर्षानुवर्षे लोखंडी सळई तोंडाकडून घालून नळी साफ केली होती आणि सळई एकाच कडेला घासत राहिली होती.

"अण्णा, मी वाचलंय. अमेरिकेत छोट्या शॉपमध्ये एक माणूस आणि एक लेथ, एवढ्यावर रायफलच्या नळ्या करून देतात. हे तर नुसतं तोंड मिलिमीटरभर फेस करायचंय. आपल्या लेथवर दहा मिनिटांचं काम आहे. होईल ना?"

अण्णांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "काम होईल. पण आपण करणार नाही."

त्या दिवशी शॉप बंद होते, घाई कुणालाच नव्हती. त्या एका वाक्यावर आमची दुपार गेली. तिथे जे बोलणे झाले ते आपल्या अंकासाठी लिहावेसे वाटले, कारण आपल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी कधी तरी फौंड्रीत, मशिन शॉपमध्ये किंवा छावणीत होते, आणि नव्या पिढीला त्या कामात नेमके काय असते हे सांगायला कुणाला सवड झालेली नसते.

गोळी फिरते म्हणजे किती?

बेळगावची मुले बंदुकीला नवखी नसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, आणि गेली काही वर्षे तर नेमबाजी हा आपल्या भागाचा खेळच झाला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे. शर्टाच्या बटणाएवढे. दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. खेळाडूचा श्वास, हात, मन या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण गोळी नळीतून सुटली की खेळाडूच्या हातात काही उरत नाही. तिथून पुढे नळीने तिला कसे सोडले, एवढेच उरते.

रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत रुतून पुढे सरकते आणि स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तशी फिरणारी गोळी हवेत तोंड न वळवता जाते. पॉइंट टू टूच्या नळीत साधारण सोळा इंचात एक पूर्ण फेरा असतो, म्हणजे सुमारे चाळीस सेंटीमीटरला एक. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास धरा. भागाकार पुतणीने जागेवर फोनवर केला. सेकंदाला आठशेच्या वर फेरे. मिनिटाला अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढे.

"आणि आपला लेथ?" तिने विचारले.

"दोन हजारला थरथरायला लागतो," अण्णा म्हणाले.

आता त्या झिजलेल्या कडेचे कोडे सुटते. गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागचा दाबलेला वायूही बाहेर पडतो. नळीचे तोंड सगळीकडून सारखे असेल तर वायू चारी बाजूंनी सारखा सुटतो आणि गोळीला धक्का लागत नाही. एका बाजूला कड झिजलेली असेल तर वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळीचा मागचा भाग किंचित ढकलला जातो. म्हणून नेमबाजांच्या नळ्यांचे तोंड फार जपून कापलेले असते, बऱ्याचदा आत किंचित उतार देऊन. त्याला क्राउन म्हणतात. अख्ख्या नळीचे काम उत्तम असले आणि हा शेवटचा अर्धा मिलिमीटर बिघडला, तर सगळे फुकट.

एका माणसाच्या शॉपमध्ये काय होते

पुतणीने वाचलेले खरे होते. अमेरिकेत नेमबाजांसाठी नळ्या बसवून देणारी एका-दोघांची परवानाधारक शॉप आहेत. तिथले काम समजावताना अण्णांनी एक शाफ्टचा तुकडा घेतला आणि खडूने खुणा करत सांगितले. त्यांनी स्वतः कधी नळी केलेली नाही, पण लांब जॉबमध्ये भोक पाडण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे.

अशा शॉपमध्ये भोक आणि पीळ पाडलेली कोरी नळी बहुधा बाहेरून येते. त्याने करायचे ते एवढेच: एका टोकाला आटे पाडून ती रायफलच्या मुख्य भागात बसवायची, काडतूस बसेल अशी खोली करायची, आणि दुसऱ्या टोकाला तोंड कापायचे. ऐकायला सोपे. अडचण अशी की नळीचे भोक नळीच्या मधोमध असेलच असे नाही. साठ सेंटीमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटरचे भोक म्हणजे व्यासाच्या शंभरपट खोल. एवढ्या खोल जाताना ड्रिल किंचित वाट सोडतेच. बाहेरून नळी आरशासारखी गोल दिसते आणि आतले भोक केसभर एका बाजूला असते.

नवशिका टर्नर नळी बाहेरून धरतो, बाहेरून ट्रू करतो आणि काम सुरू करतो. सगळी मापे बरोबर येतात आणि नळी चुकते, कारण गोळी बाहेरून जात नाही, भोकातून जाते. जाणता माणूस फोर जॉ चकमध्ये नळी धरतो. त्याचे चारही जबडे वेगवेगळे सरकतात. मग डायल लावतो तो भोकाच्या आत. चक हाताने फिरवायचा, सुई किती हलते ते बघायचे, एक जबडा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा फिरवायचा. सुई थांबेपर्यंत हेच. यात तास जातो. कापायला त्यानंतर खरोखर दहा मिनिटे लागतात.

"तू म्हणालीस ना दहा मिनिटांचं काम," अण्णा म्हणाले. "ते तास संपल्यावरचं सांगितलंस."

काडतुसाच्या खोलीचे माप गो आणि नो-गो गेजने बघतात. एक गेज गेलाच पाहिजे, दुसरा जाताच कामा नये. आमच्याकडे हायड्रॉलिकच्या कामात रोज हेच गेज वापरतात, तेव्हा पुतणीला हे नवीन नव्हते. फरक इतकाच की आमच्याकडे नो-गो गेज आत गेला तर जॉब रिजेक्ट होतो. रायफलमध्ये ती चूक तशीच पुढे गेली तर नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर काडतूस फुटू शकते.

मग तिने मला कोड्यात पाडणारा प्रश्न विचारला. "काका, भोक जरा तिरकं असलं तर काय बिघडलं? साइट फिरवून जुळवता येतं की."

येते, अगदी बरोबर. दर गोळी तीन सेंटीमीटर डावीकडे जात असेल तर साइट काही खटके फिरवली की झाले. जुळवता येत नाही ती नळी, जी दर गोळीला वेगळे वागते. एक डावीकडे, एक वर, एक बरोबर मध्ये. मधली गोळी दहाला लागली म्हणून माणूस खूश होतो, पण ती योगायोगाने लागलेली असते. लेथवरचे सगळे कष्ट नळी "बरोबर" करण्यासाठी नसतात, दर वेळी तीच राहावी यासाठी असतात. त्या दुपारी मलाही हे प्रथमच इतके स्पष्ट कळले, आणि मी तीस वर्षे शॉप चालवतो.

जर्सी सिटीतला पोप

या धंद्यात एक नाव अजून आदराने घेतले जाते. हॅरी पोप. जन्म १८६१, मृत्यू १९५०. एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. अनेक वर्षे हार्टफर्डला पोप घराण्याच्याच सायकलींच्या कारखान्यात नोकरी केली आणि फावल्या वेळात स्वतःसाठी नळ्या करू लागला. तो स्वतः कसलेला नेमबाज होता, त्यामुळे त्याची नळी कशी आहे ते त्याला दुसऱ्याकडून कळावे लागत नसे. पुढे हाच त्याचा धंदा झाला.

१९०६ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. दुकान नुकतेच थाटले होते तेवढ्यात एप्रिलमधला तो मोठा भूकंप आणि आग झाली. सगळे गेले. तो परत पूर्वेकडे आला आणि न्यूयॉर्कसमोरच्या जर्सी सिटीत एका माडीवरच्या पसाऱ्याने भरलेल्या खोलीत पुन्हा सुरुवात केली. सत्तरी ओलांडल्यावरही तो तिथेच काम करत होता. एका वेळी एक नळी, खाचा हाताने कापलेल्या. दर फेरीला धातूचा अगदी पातळ पापुद्रा निघायचा, अशा किती तरी फेऱ्या एका खाचेसाठी.

त्याच्या दारावर एक पाटी होती. तिचा मतलब असा: काम कधी मिळेल ते सांगणार नाही; चांगले झाल्यावर घ्या, नाही तर दुसरीकडे जा. गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबायची आणि तरी येत राहायची.

हे ऐकून अण्णा खूप हसले. "आपण अशी पाटी लावली तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावावं लागेल."

मला मात्र दुसरेच आठवत होते. पोप सायकलींच्या कारखान्यात लोखंडाशी ओळख करून घेत होता, जवळपास त्याच काळात आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णांनी १८८८ मध्ये सायकलींचेच दुकान काढले होते. पुढे त्यातून कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू होऊन लेथ बनू लागले. आमच्या कोपऱ्यातला अण्णांचा लेथ तिथलाच. पोपने एकेक नळी केली आणि त्याच्याबरोबर त्याचा हात गेला. किर्लोस्करांनी हात तयार करणारी यंत्रेच केली. दोघांची सुरुवात सायकलीच्या चाकापासून. चाक आरीवर ट्रू करता आले की पुढचे सगळे येते, असे अण्णा नेहमी म्हणतात.

पाटल्यांची गोष्ट

एवढे सगळे झाल्यावर पुतणी मूळ मुद्द्यावर आली. "मग तुम्हाला डायल लावता येतो, लेथ अजून ट्रू आहे, रायफल क्लबची आहे, परवान्याची आहे, खेळासाठी आहे. तरी नाही का?"

कायद्याचे मी सांगितले. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाहीच, पण दुरुस्त करता येत नाही, बदलता येत नाही, तपासून बघतासुद्धा येत नाही. शस्त्र या शब्दात शस्त्राचे भागही येतात. रायफल परवान्याची आहे म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला परवाना लागत नाही असे होत नाही; दोन्ही वेगळे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला किंवा दुरुस्त करण्याला किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

पण अण्णांचे कारण कायद्याच्या आधीचे होते. ते त्यांनी मलाही कधी नीट सांगितले नव्हते.

मी सातवीत असतानाची गोष्ट. लेथ बँकेच्या कर्जावर घेतलेला, शॉप भाड्याचे. त्या पावसाळ्यात फौंड्र्या मंद होत्या आणि दोन हप्ते थकले होते. एका संध्याकाळी जीपमधून एक माणूस आला. वहीच्या फाडलेल्या कागदावर काढलेले ड्रॉइंग त्याने अण्णांच्या पुढे ठेवले. जाड भिंतीची नळी, आरपार बारीक भोक, एका टोकाला आटे. शेतीच्या पंपाचा पार्ट आहे म्हणाला. वीस नग हवेत. एका नगाचा जो दर त्याने सांगितला तो आमच्या महिन्याच्या हप्त्याएवढा होता.

अण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "पंपात ही कुठं बसते ते मला दाखवा, मग करतो." तो माणूस नुसता हसला. अण्णांनी कागदाची घडी घालून परत दिली. जाताना तो म्हणाला, शेजारचा करेल. अण्णा म्हणाले, "करू दे."

"भीती वाटली नाही?" पुतणीने विचारले.

"वाटली की. घरी येईस्तोवर पाय कापत होते. पोलिसांची नाही, हप्त्याची."

तोवर चहा घेऊन आलेली आई दारात थांबली होती. ती म्हणाली, "हप्ता माझ्या पाटल्यांनी भरला. काचेच्या बांगड्यांवर दोन दिवाळ्या काढल्या मी."

कुणी काही बोलले नाही. पाटल्या गहाण पडल्या होत्या हे मला माहीत होते. मी धरून चाललो होतो की मंदीमुळे. त्यामागे एक नाकारलेले काम होते हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

अण्णा पुतणीला म्हणाले, "हे बघ पोरी. लेथला काय कळतं? पंपाचा शाफ्ट आणि बंदुकीची नळी त्याला सारखीच. कळायला पाहिजे ते चालवणाऱ्याला. त्या दिवशी नाही म्हटलं ते पैशाला. आज हो म्हटलं तर ते मायेपोटी. एकदा मायेपोटी म्हटलं की पुढच्या वेळी नाही म्हणायला तोंड राहत नाही. तुझ्या क्लबला सांग, परवान्याच्या माणसाकडे पाठवा म्हणावं. वेळ लागेल, लागू दे."

ती रागावली होती हे दिसत होते. चहा तसाच ठेवून ती पेटी उचलून निघाली. अण्णांनी तिला थांबवले. "तुझं दुसरं काही काम असेल तर सांग. बंदूक सोडून."

पहिला जॉब

काम होते. नेमबाज लक्ष्यावरच्या गोळ्या बघायला स्टँडवर दुर्बीण लावतात. तिच्या जुन्या स्टँडचा बुश झिजला होता आणि दुर्बीण हळूहळू खाली घसरायची. पंचवीस मिलिमीटरच्या स्टीलच्या दांड्यावर सरकणारा पितळी बुश हवा होता, इतका नेमका की सोडल्यावर हलू नये आणि दोन बोटांनी सरकावा.

"मी करून देणार नाही," अण्णा म्हणाले. "तू करायचास."

पुढचे चार रविवार ती शॉपमध्ये आली. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिने लेथ पाहिला होता, पण एका जर्नलपुरता. इथे अण्णांनी पहिला रविवार नुसता डायल करायला लावला. एक गोल बार फोर जॉमध्ये धरायचा, ट्रू करायचा, काढायचा, पुन्हा धरायचा. केस बांधलेले, बाह्या वर, हातात अंगठी नाही, चष्मा डोळ्यांवर. चकची चावी चकमध्ये राहिलेली दिसली की अण्णा काम बंद करायचे आणि तिला पाच मिनिटे बाहेर बसवायचे. आमच्या वेळी ते ओरडायचे. नातीला बाहेर बसवतात.

तिसऱ्या रविवारी तिने बुश पूर्ण केला. प्लग गेज अलगद आत गेला. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांनी बुश हातात घेतला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ती बुश घ्यायला आली, दांडा घालून बघितला, तर दांडा आत जाईना.

पितळ तापले की वाढते. एका मीटरला एका अंशाला साधारण १९ मायक्रॉन. बुश कापून संपला तेव्हा तो हाताला चांगलाच गरम लागत होता. तीस अंशांचा फरक धरला तर पंचवीस मिलिमीटरच्या भोकात सुमारे १४ मायक्रॉन येतात. तिने जागा ठेवली होती दहा मायक्रॉनची. माप बरोबर होते, पण ते गरम बुशाचे माप होते. थंड झाल्यावर बुश आपल्या खऱ्या मापावर आला.

"तुम्हाला काल माहीत होतं?" तिने विचारले.

"हात लावला तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुला ऐकून माहीत झालं असतं."

चौथ्या रविवारी तिने दुसरा बुश केला. शेवटचा कट घेण्याआधी मशिन बंद करून अर्धा तास थांबली, आजीबरोबर भाजी निवडत बसली, मग शेवटचा कट घेतला आणि पुन्हा थांबून मापले. तो बुश आज तिच्या स्टँडवर आहे. सोडला की हलत नाही, दोन बोटांनी सरकतो.

नाण्याखाली पाच

क्लबने ती रायफल परवानाधारक गनस्मिथकडे पाठवली. यायला अकरा आठवडे लागले. त्या काळात एक निवड स्पर्धा होऊन गेली. पुतणी तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी रायफलने खेळली आणि पात्रता थोडक्यात हुकली. त्या रात्री तिने मला फोन केला. बोलली नाही फार. एवढेच म्हणाली, "काका, दहा मिनिटांचं काम होतं." मला उत्तर सुचले नाही. अण्णा बरोबर होते हे मला तेव्हाही पटत होते आणि तिचे नुकसान झाले हेही खरे होते. बरोबर वागण्याची किंमत दर वेळी बरोबर माणसालाच द्यावी लागते असे नाही. आधी ती आजीने दिली, आता नातीने.

रायफल परत आली तेव्हा तिने टेकूवर ठेवून पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारल्या. कागद घरी घेऊन आली. पाचही भोके दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकत होती, म्हणजे २७ मिलिमीटरच्या आत. आधी ती मावायला बशी लागायची. अण्णांनी खिशातून नाणे काढून स्वतः ठेवून बघितले. मग कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "चांगलं कापलंय. भोकावरून डायल केलंय त्यानं." न पाहिलेल्या माणसाला एवढी दाद देताना मी त्यांना फार वेळा ऐकलेले नाही.

मला एक कबुलीही द्यायची आहे. गेल्या वर्षी तो जुना लेथ मी भंगारात काढणार होतो. त्याच्या जागी तिसरे सीएनसी बसते आणि हिशेब तेच सांगतो. सीएनसी अधिक वेगाने कापते, थकत नाही, हजारावा नग पहिल्यासारखाच देते. तिच्यावर माझे पोट आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पण कॉलेजमधून येणाऱ्या मुलाला गरम बुश हातात घेऊन तो गरम आहे हे कळायला अजून जुनाच लेथ लागतो. तिसरे मशिन आता शेजारच्या गाळ्यात, भाड्याच्या जागेत बसवले आहे. भाडे जाते. जाऊ दे.

यंदाच्या खंडेनवमीला पहिला हार नेहमीप्रमाणे लेथला घातला. शेजारी रायफलची पेटी होती. आणि हेडस्टॉकवर तो पहिला, न बसलेला पितळी बुश. तो तिथे कुणी ठेवला ते विचारले नाही. अण्णांनी त्यालाही हळदकुंकू लावले.

तुमच्या गल्लीत, ओळखीत असे एखादे जुने शॉप अजून चालू असेल. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासभर तिथे जाऊन उभे राहा. केस बांधा, ओढणी घरी ठेवा आणि मिस्त्रींना एवढेच विचारा की कोणते काम तुम्ही परत पाठवले होते. ते सांगतील.